झुडपातला उमेदवार

आंधळ्या माणसांनी धरून चालायची दोरी कुणी रंगवतं का? आमच्या मॅनेजरसायबांनी रंगवली. पिवळा, लाल, पिवळा, लाल, हातभर लांबीचे पट्टे. रंग वाळला का बघायला त्यांनी बोट लावलं आणि ते बोट माझ्या शर्टाला पुसलं. "कशी दिसते रे?" म्हणाले. मी म्हणालो, "सायेब, ज्यांच्यासाठी हाय त्यांनाच इचारू की." त्यांना कळलं न्हाई. कळलं असतं तर त्याच दिवशी मला घरी घालवलं असतं, आणि बरं झालं असतं.

ही बाग पानशेतच्या अलीकडं, वेल्ह्याच्या बाजूला. धरण फुटून परत बांधून झालं होतं, पाणी परत चढलं होतं, आणि पुण्याची माणसं रविवारी डबे घेऊन ते पाणी बघायला यायला लागली होती. बघायची आणि जाताना खरकटं, कागद, अंड्यांची टरफलं आमच्यासाठी ठेवून जायची. त्यातल्याच काही बड्या लोकांचं एक मंडळ होतं. मंडळानं डोंगराचा एक तुकडा घेतला, कुंपण घातलं, बाकडी टाकली, आणि हितं अपंग माणसांनाही पक्ष्यांची मजा घेता यावी असं ठरवलं. विचार चांगला होता. आजही मी त्या विचाराला नावं ठेवत न्हाई. नावं ठेवायची ती त्या विचाराचं ज्यांनी मटण केलं त्यांना.

तर मंडळानं तीन महिन्यांसाठी तीन उमेदवार घेतले. उमेदवार म्हंजे बागेत राहायचं, पक्षी ओळखायला शिकायचं, पडेल ते काम करायचं. तीन महिन्यांनी त्यातला एक कायम ठेवणार आणि तो आलेल्या अपंग माणसांना बागेतून फिरवणार. दोन उमेदवार अपंग आणि त्यांना धरून न्यायला एक धडधाकट, असा हिशेब. धडधाकट मी.

मला कसं घेतलं तेही सांगतो. भोरच्या शाळेत मी हेडमास्तरांच्या आवाजात शाळा अर्धा तास लवकर सोडली होती. एकदा न्हाई, दोनदा. दुसऱ्यांदा तर खुद्द हेडमास्तरांनी टोपी घातली आणि घरी निघाले, मग रस्त्यात त्यांच्या लक्षात आलं की आपण असं काही बोललोच न्हाई. माणसं, म्हशी, एसटीचा हॉर्न, कोंबडा, कोकिळा, सगळं माझ्या गळ्यात होतं. दहावी-अकरावी कशीबशी झाल्यावर आमच्याच एका मास्तरांनी मंडळाला चिठ्ठी लिहिली, "मुलगा पक्ष्यांचे आवाज उत्तम काढतो." मला वाटतं त्यांना मी भोरपासून लांब गेलेला हवा होतो.

दुसरी उमेदवार विंझरची. लहानपणी पोलिओ झालेली, काखेत कुबडी, आणि जीभ माझ्यापेक्षा तिखट. तिच्यासाठी मॅनेजरनं मचाण बांधलं होतं. मचाणाला चढायला बांबूची शिडी. चौथ्या दिवशी तिनं कुबडी शिडीला टेकवली, वर बघितलं, आणि मॅनेजरला म्हणाली, "सायेब, तुमी वर चढा आणि मला खालनं सांगा काय काय दिसतंय ते." संध्याकाळच्या एसटीनं ती घरी गेली. मॅनेजर म्हणाले, "या लोकांना चिकाटीच नाही, बरं का." मला त्यांच्या तोंडाकडं बघवेना.

राहिला तिसरा. तो उत्रोलीचा. देवीत दोन्ही डोळे गेलेले, तोंडावर वण, वय पंचवीस-सव्वीस, खांदे नांगरटीच्या बैलासारखे. मला तो नकल्या म्हणायचा. मी त्याला कधी दादा, कधी लेका, जशी सकाळ असेल तसं.

मी पक्ष्यांचे आवाज काढायचो, पण पक्षी ऐकायला मला त्यानं शिकवलं. उजाडायच्या वेळी आमी त्या रंगीत दोरीपाशी बसायचो. समोरच्या करवंदीच्या जाळ्यांत तितरं होती. मला नुसतं कतीतर-कतीतर ऐकू यायचं, सगळं एकच. तो म्हणायचा, "ह्यो घसा बसल्याला. ती तिकडली अर्ध्यावर सोडती. आन् ह्यो लई घाई करतोय, सासुरवाडीला निघाल्यागत." सात होती. सातही त्यानं मला आवाजावरून वेगळी करून दिली. महिन्याभरात मलाही जमायला लागलं. डोळे असून मी इतकी वर्षं काय करत होतो, असं वाटायचं.

एकदा मी त्याला विचारलं, "दादा, तुला ही नोकरी मिळाली तर घरच्या शेतीचं काय?"

"शेतीचं?" तो हसला. "घरी मला बांधावर बसवत्यात. हातात पत्र्याचा डबा. भातावर पाखरं आली की वाजवायचा. आली का न्हाई ते मला ऐकायला येतं म्हनून माझ्याकडं त्ये काम. पंधरा वर्सं पाखरं हाकलतोय म्या. हितं पाखरं दावायची नोकरी हाय." मग म्हणाला, "मला ही नोकरी पायजे, नकल्या. तुला पायजे आसली तरी मला पायजे."

मी म्हणालो, "मला कशाला? मी तमाशात जाणार."

"ग्येलास की मग सांग. हितनं तुजा आवाज ऐकू येतो का बघतो."

बागेच्या उद्घाटनाला महिना राहिला तेव्हा मॅनेजरनं मला बोलावलं. म्हणाले, "त्या तितरांना दोरीच्या जवळ आण. पाहुण्यांना आवाज जवळून आला पाहिजे. तुला बोलावता येतात ना?" येतच होती की. तितराला दुसऱ्या तितराचा आवाज आला की ते भांडायला येतं. मी रोज सकाळी दोरीपाशी बसून साद घालायचो आणि ती येतही. पाच हातांवर यायची, मान वर काढून मला शिव्या घालायची. मी खूश. पाखरांनाही माझी नक्कल पटते, म्हणून छाती फुगलेली.

आठवड्याभरानं उत्रोलीचा म्हणाला, "नकल्या, आज पाचच बोलली."

"दोन माहेरी गेली असतील."

दोन दिवसांनी म्हणाला, "आज चार. घसा बसल्याला ग्येला."

"औषध घ्यायला गेला असेल."

"हसू नगंस," तो म्हणाला. त्यानं असं कधी म्हटलं नव्हतं.

त्याच दुपारी करवंदीखाली मला फासा सापडला. घोड्याच्या शेपटीच्या केसांचा, सुबक, खुंटीला बांधलेला. त्यात एक करडं पीस अडकलेलं. मी जिथं बसून साद घालायचो तिथनं बरोबर पाच हातांवर. मी बागेच्या वॉचमनला विचारलं. तो म्हणाला, "सशासाठी लावलाय, रोपं खात्यात." ससा उडत न्हाई आणि त्याला पिसं नसतात एवढं मला शाळेत शिकवलं होतं. तरी मी बरं म्हणालो. फासा खिशात घातला आणि उत्रोलीच्याला काही बोललो न्हाई. का न्हाई बोललो? बोललो असतो तर साद घालायचं बंद करावं लागलं असतं, आणि मॅनेजर रोज माझ्या पाठीवर थाप मारत होते. अशा थापेसाठी माणूस काय काय गिळतो.

उद्घाटनाचा दिवस उजाडला तेव्हा करवंदीत काहीच बोलत नव्हतं.

सकाळी दोन गाड्या आल्या. मागनं एका टेम्पोत पुण्याच्या एका संस्थेतली आठ आंधळी माणसं, एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून उतरली. त्यांचं स्वागत म्हणून मंडळाच्या लोकांनी त्यांच्या कानात ओरडायला सुरुवात केली. "या! या! इकडं! पायरी आहे!" जसं काही डोळ्यांबरोबर कानही गेलेत. लाऊडस्पीकरवर सनईची रेकॉर्ड. कावळेसुद्धा पानशेतपर्यंत उठून गेले. मुख्य पाहुणे चांगले गरगरीत, कपाळावर गंध, तोंडात पान. त्यांनी मंडळाच्या वतीनं भेट आणली होती. भेट काय, तर दुर्बीण. ती त्यांनी आठांतल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाबांच्या गळ्यात घातली आणि फोटोवाल्याकडं वळून हसले. पानाची लाल लाळ ओठाच्या कोपऱ्यात. बाबांनी दुर्बीण चाचपली आणि शेजारच्याला हळूच विचारलं, "हे काय रे, तांब्या का?"

मी हसलो असतो. पण मॅनेजरनं दंड धरून मला बाजूला घेतलं. "स्पीकरमुळं पाखरं उठलीत," म्हणाले. "तू त्या झुडपात बस. मी खोकलो की तितर काढायचा. पाहुणे तुझ्या मित्राला विचारणार, कुठला पक्षी. तो सांगेल तितर. टाळ्या. त्याची नोकरी पक्की. आता त्याचं भलं तुझ्या हातात आहे, बरं का."

मी बसलो. मित्राचं भलं होतंय म्हणून बसलो, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगितलं. अंगावर मुंग्या, डोक्यात काटक्या, खाली कुणीतरी आदल्या रविवारी केलेली घाण. त्या वासात मी बसलो.

दोरी धरून सगळे आले. उत्रोलीचा पुढं. धुतलेला सदरा, केस पाणी लावून बसवलेले. मॅनेजर खोकले. मी तितर काढला.

"सांग बाळ, कुठला पक्षी?" पाहुणे म्हणाले. सव्वीस वर्षांच्या बाप्याला बाळ.

उत्रोलीचा उभा राहिला. मान माझ्या झुडपाकडं वळली, अगदी सरळ माझ्याकडं.

"सायेब, ह्यो तितर न्हाई."

"मग?"

"ह्यो मानूस हाय."

सगळे हसले. पाहुण्यांचं पोट हाललं. मॅनेजर घाईनं म्हणाले, "तितरच आहे साहेब, मी रोज ऐकतो. गोंधळला तो. पुन्हा ऐक हं, नीट ऐक." आणि खोकले.

तेव्हा मी गप्प बसलो असतो तरी झालं असतं. उठून उभा राहिलो असतो तर आणखी चांगलं. मी दुसऱ्यांदा तितर काढला. आणि पहिल्यापेक्षा चांगला काढला. घसा बसलेल्याचा काढला, हुबेहूब.

उत्रोलीच्याचा चेहरा मला पानांतनं दिसत होता. त्यानं ओठ आत घेतले. मग शांतपणे म्हणाला, "ह्यो मानूसच हाय, सायेब. हितली तितरं संपली."

"दमला असेल बिचारा," पाहुणे म्हणाले आणि पुढं निघाले. जाताना मॅनेजरला म्हणाले ते मला झुडपात ऐकू आलं, "डोळस माणूसच ठेवा हो. असल्या लोकांना हे नाही जमायचं."

मग जेवणं. पाहुण्यांची पंगत मॅनेजरच्या बंगल्याच्या ओट्यावर, टेम्पोतली आठ माणसं आणि उत्रोलीचा मागच्या अंगाला गोणपाटावर. वाढायला मी. पातेल्याचं झाकण उघडलं आणि मला कळलं, महिनाभर फाशात सापडलेली तितरं वॉचमननं आजच्यासाठी जिवंत राखली होती. रश्श्यात आठ लहान लहान धडं, वर तेलाचा तवंग. ओट्यावर मांड्या आणि छाती गेली, मागं मान आणि फासळ्या. ओट्यावरची माणसं बोटं चोखत होती. मघाशी भाषणात ज्यांनी "ही मुकी पाखरं आपली भावंडं" म्हटलं, त्यांच्या दाढीवर भावंडांचा रस्सा.

मागं उत्रोलीच्यानं घास उचलला, त्यात हाड लागलं. त्यानं ते तोंडातनं काढलं, बोटांनी फिरवून बघितलं, ताटाच्या कडेला ठेवलं.

"ही कोंबडी न्हाई."

मी शेजारच्या ताटात रस्सा वाढायला वाकलो.

"नकल्या, तू हितंच हाईस. तुज्या अंगाला करवंदीचा वास येतोय. किती व्हती पातेल्यात?"

"आठ."

"म्या सातच म्हनत व्हतो," तो म्हणाला. "एक मुकी आसंल." आणि ताट सरकवलं.

माझ्या हातात रश्श्याची वाटी होती. ती मी तिथंच ठेवली आणि ओट्यावर गेलो. पाहुण्यांच्या पानासमोर उभा राहिलो आणि तोंडानं तितर काढला. मघाचाच. घसा बसलेला.

ओटा गप्प झाला. मला वाटलं, आता कळलं.

मग टाळ्या. "वा! काय नक्कल आहे! अहो, हा तर कलाकार निघाला!" मी म्हणालो, "सायेब, मघाशी झुडपात मीच होतो. तो बरोबर सांगत होता." ते आणखी हसले. कुणीतरी म्हणालं, "मॅनेजरांची येते का रे नक्कल?" मी मॅनेजरच्या आवाजात, तसाच दंड धरल्यासारखा हात करून म्हणालो, "स्पीकरमुळं पाखरं उठलीत, तू झुडपात बस, बरं का. खरं तर उठली नाहीत, पातेल्यात बसलीत." हसून हसून एकाला ठसका लागला, दुसऱ्यानं त्याच्या पाठीत तेलकट हातानं थापट्या मारल्या. सगळ्यात मोठ्यानं मॅनेजर हसले. मी खरं बोलत होतो आणि ते माझ्याकडं आणखी एक, आणखी एक असं मागत होते. आयुष्यभर लोकांना हसवायची हौस होती मला. त्या दिवशी ते हसू अंगावर कुणी थुंकावं तसं पडलं.

पाहुणे हात धुता धुता म्हणाले, "याला ठेवा. पोरगा कामाचा आहे."

उत्रोलीच्याला शाल, नारळ आणि एक छापील कागद दिला. एसटीची वाट बघताना त्यानं तो कागद माझ्या हातात दिला. "वाच." मी वाचला. 'निसर्गप्रेमी' असं लिहिलं होतं आणि त्याच्या गावाचं नाव चुकलं होतं.

"मी उद्या राजीनामा देतो," मी म्हणालो.

"देऊ नगंस."

"दादा, ती तुझी नोकरी हाय."

"व्हती." त्यानं नारळ शालीत गुंडाळला. "तू सोडलीस तर मला देनार हायत व्हय? तू ऱ्हा. झुडपात मातुर बसू नगंस. त्यास्नी सांग, ह्यो मी हाय, तितराचा आवाज आसा आस्तो, आता खरा ऐका. समोर बसून सांग."

"आणि दुसऱ्यांदा आवाज काढला तो?"

"त्याचं काय? लई झ्याक व्हता," तो म्हणाला, आणि एसटी आली. चढताना त्यानं माझा हात धरला न्हाई, कंडक्टरचा धरला.

मी राहिलो. त्यानं सांगितलं म्हणून राहिलो, हे अर्धं. पगाराची नोकरी मलाही हवी होती, तमाशाबिमाशा सगळं बोलायचं, हे दुसरं अर्धं. मॅनेजर रोज झुडूप दाखवायचे, मी रोज दोरीपाशी उघड्यावर बसायचो. त्यांना वाटायचं ही नवी गंमत.

दीडेक महिन्यानं पुण्याहून त्याच संस्थेच्या शाळेतल्या आंधळ्या मुली आल्या. उत्रोलीच्यानं सांगितलं होतं तसं मी केलं. कोकीळ कसा, बुलबुल कसा, तितर कसा, मी काढून दाखवला, मग खरे ऐकायला लावले. बुलबुल मिळाले. तितराला कुणी उत्तर दिलं न्हाई. त्यातली एक, पंधरा-सोळा वर्षांची, दोन वेण्या, विचारत होती, "इथं आमच्यासारखा एक माणूस होता ना? आमच्या संस्थेतले बाबा सांगत होते. पाखरांना आवाजावरून वेगळं करायचा म्हणे. तो कुठंय?"

"उत्रोलीला. घरी."

"का?"

मॅनेजर मागं उभे होते. मी सांगितलं. पहिल्यापासून, फाशापासून. जे जे जसं बोलले तसं त्यांच्या त्यांच्या आवाजात सांगितलं, कारण मला दुसऱ्या कुठल्या रीतीनं सांगताच येत न्हाई. खोकलासुद्धा. पहिल्यांदा मुली हसल्या. मग एकेक करून थांबल्या. माझ्या नकलेवर हसू थांबलेलं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. मॅनेजर म्हणाले, "पुरे, ऑफिसात ये," पण त्यांचा आवाज बसला होता.

त्या वेण्यावालीनं दोरी सोडली. रंगाचे पोपडे तिच्या तळव्याला चिकटले होते, ते ती दुसऱ्या हातानं झाडत होती.

"म्हणजे तुम्ही त्याची जागा घेतलीत," ती म्हणाली.

कुणाचाही आवाज काढून उत्तर देता आलं असतं. मी माझ्याच आवाजात म्हणालो, "व्हय."